मेहरूणच्या बोरांच्या शोधात

संक्रांत जवळ आली की माझ्या डोळ्यांसमोर तिळाच्या आधी बोरं येतात. माहेर जळगावचं, त्याला मी तरी काय करणार! शाळेत असताना आम्ही मुली मेहरूण तलावाकडे जात असू ते पाणी बघायला नाही, बोरं वेचायला. परकराचा ओचा भरायचा, हातावर काट्यांच्या रेघोट्या उठायच्या आणि घरी आलं की आईचा पहिला प्रश्न, "फाडलास ना परकर?" नंतर तीच आई त्यातली निवडक बोरं सुगडात घालायला बाजूला काढून ठेवायची.

यंदा धुळ्याच्या ताईकडे नातवाचं बोरन्हाण होतं. बाळ अकरा महिन्यांचं. ताईने पुण्याला फोन करून बजावलं, "तू जळगावला उतरून मगच ये, आणि येताना मेहरूणची बोरं आण. इथे बाजारात ती पेरूएवढी हिरवी बोरं आहेत, ती काय बाळाच्या डोक्यावर घालायची?"

तिचं म्हणणं खरं होतं. ॲपल बोर म्हणून जे हल्ली सगळीकडे मिळतं ते दिसायला झोकदार, खायला कुरकुरीत, पण चवीला पाणचट. मेहरूणचं बोर त्यामानाने लहान. साल पातळ, गर गोड आणि पिकलं की असा वास येतो की पिशवी घरात लपवता येत नाही.

जळगावला उतरले आणि भावाबरोबर मेहरूणला गेले. तलाव आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दीही आहे. पण ज्या शिवारात आम्ही ओचे भरले तिथे आता प्लॉट पडून बंगले झालेत, बंगल्यांपुढे शोभेची झाडं आहेत. माझ्या ओळखीची एकही बोर दिसली नाही. खोटं कशाला सांगू, घशात आवंढा आला. भाऊ म्हणाला, "अगं, जमिनीला सोन्याचा भाव आला, बोरांना कोण विचारतो?"

शेवटी वहिनीच्या ओळखीने एका म्हाताऱ्या बागवानांचा पत्ता लागला. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या बांधावर जुनी चार झाडं उरली आहेत. नानांनी दोन किलो बोरं हाताने निवडून दिली. बारीक भोक पडलेलं एकेक बोर बाजूला टाकत होते. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, म्हणून आत अळी निघते. तेव्हा मैत्रिणींनो, बोर नेहमी फोडून बघून खावं, अंधारात गप्पा मारत खाऊ नये!

मी म्हटलं, "नाना, दोन बिया नेते, धुळ्याला ताईच्या अंगणात लावते." ते हसले. "बाई, बी लावून बोर येईल, मेहरूण नाही येणार. त्याला डोळा भरावा लागतो." म्हणजे गावठी बोरीच्या कोंबावर मेहरूणच्या फांदीचा डोळा बसवायचा. आंब्याचं कलम मला ठाऊक होतं, पण जन्मभर बोरं खाऊन ही गोष्ट ठाऊक नव्हती. नानांनी आणखी एक सांगितलं. बोरीला फळ येतं ते नव्या फुटीवर, म्हणून उन्हाळ्यात पानं झडली की तिची छाटणी करायची. पावसाळ्यात फूट, भाद्रपद-आश्विनात फुलोरा आणि पौष-माघात फळ. मुळं खोल जातात, त्यामुळे पाऊस दगा देतो त्या वर्षीही बोर काही ना काही पदरात टाकते. आपल्या खानदेशात हे थोडं आहे का?

एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याला निघाली. नव्वदएक किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना वेचणी होत आलेली कपाशी आणि बांधांवर बोरी-बाभळी. पारोळ्याला एक बाई टोपलं घेऊन खिडकीशी आली. "खाईसन पाय ना माय, गोड शेतस!" रानबोरं होती, चण्याएवढी, आंबटगोड. घेतल्यावाचून राहवेना.

ताईचं घर देवपूरला. गेल्या गेल्या माझं लक्ष गेलं ते सुनेकडे. पोरीचा चेहरा पांढरा पडलेला. बाळ अजून अंगावर पितं, घरातलं काम आहे, आणि तपासणीत हिमोग्लोबिन ९ निघालेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. मी बोरं पुढे केली तर ताईच्या सासूबाई कडाडल्या, "तिला नको! बोरं खाऊन खोकला होतो, तो बाळाला बाधतो." वय ८४, आवाज खणखणीत. सुनेने पुढे केलेला हात मागे घेतला.

मला ते फार लागलं. घरातल्या सगळ्यांनी खायचं आणि जिला गरज आहे तिनेच बघत बसायचं! पण म्हाताऱ्या माणसाशी वाद घालून का कुठे बोरं खाववता येतात? दुसऱ्या दिवशी सून तपासणीला निघाली तेव्हा मी सासूबाईंनाच बरोबर घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना त्यांच्या देखत विचारलं. त्या म्हणाल्या, "खाऊ द्या की. पिकलेली, धुतलेली, मूठभर. आईने बोर खाल्लं म्हणून बाळाला खोकला होत नाही. मात्र गोळ्या बंद करायच्या नाहीत."

यातली गोम आपण बायकांनी समजून घ्यावी अशी आहे. बोरात लोह फारसं नाही, पण क जीवनसत्त्व चांगलं आहे. १०० ग्रॅम बोरांत साधारण ७० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे संत्र्याहून जास्तच. पेरू आणि आवळा त्याच्या पुढे आहेत, हे कबूल. बाजरीच्या भाकरीतलं, मेथीतलं लोह शरीर सहजी उचलत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं की ते जास्त उचललं जातं. म्हणून बोरं ताटातच वाढावीत, चार वाजता नुसती चघळत बसू नयेत. आणि जेवल्यावर लगेच चहा घेण्याची आपली सवय आहे ना, ती याच्या नेमकी उलट काम करते. चहा तासभर लांबवावा. हे ऐकून ताईचाच चेहरा उतरला!

बाकी बोर सालीसकट खावं, म्हणजे चोथा पोटात जातो आणि पोट साफ राहतं. वाळवलेल्या बोरांत नि बोरकुटात क जीवनसत्त्व बरंच कमी होतं आणि साखर दाट होते. मधुमेह असलेल्यांनी वाळकी बोरं मोजून खावीत, आणि ताज्या बोरांवरही मुठीचं बंधन ठेवावं. शाळेबाहेर मिळतं ते बोरकूट तर मीठ-साखर घातलेलं असतं. रक्तदाब असेल त्यांनी ताज्या बोरांवर मीठ भुरभुरण्याचा मोहही टाळावा. (मला स्वतःला तो अजून टाळता आलेला नाही.)

बोरन्हाण छान झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे आणि नानांची बोरं. शेजारची पोरं बोरं वेचायला अशी तुटून पडली की बाळ आधी दचकलं आणि मग हसायला लागलं. एक काळजी मात्र घ्या. बोराची आठळी लहान मुलाच्या घशात अडकते, हरभरा तर हमखास. बाळाच्या डोक्यावर घालायला बोरं अगदी मोजकी घेतली, हरभरे नि करवे लांबच टाकले आणि कार्यक्रम संपताच सतरंजी झटकून घेतली. पाच वर्षांखालच्या पोरांना आठळी काढूनच बोर द्यावं.

संध्याकाळी सून भाकरी-मेथी घेऊन बसली. सासूबाईंनी आपल्या हाताने तिच्या ताटात पाच बोरं ठेवली. बोलल्या काही नाहीत.

ताईच्या परसात कुंपणाशी एक गावठी बोर आपोआप उगवली आहे. इतकी वर्षं तिला काटेरी म्हणून सगळे शिव्या देत होते. मी तिथूनच नानांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, "उन्हाळ्यात खोड गुडघ्याइतकं ठेवून कापा. पावसात कोंब फुटतील त्यांतला जोमदार एक राखा, बाकीचे काढा. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की मला बोलवा, मी डोळा घेऊन येतो." मी विचारलं, फळ कधी? म्हणाले, "दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चाखायला मिळेल."

सासूबाई ओट्यावरून ऐकत होत्या. मी निघाले तेव्हा त्या बोरीच्या बुंध्याला त्यांच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली दिसली, कामवालीने जळणासाठी तोडू नये म्हणून.