वुहान, वूदांग, बीजिंग: एका तलवारीचा माग

वुहानच्या हूबेई प्रांतीय संग्रहालयात काचेआड राजा गौज्येनची तलवार आहे. 1965 साली ज्यांगलिंगजवळच्या एका थडग्यात ती सापडली. कांस्याची, लांबी 55 सेंटीमीटरच्या थोडी वर, वय अडीच हजार वर्षांच्या आसपास, आणि धार अजून शाबूत. तायजीच्या विद्यार्थ्याने चीनमधला प्रवास इथूनच सुरू करावा, असं मला वाटत होतं, म्हणून मी तसाच आखला. सरावात हाती येते ती सरळ, दुधारी 'ज्येन' याच घराण्यातली. पण ही तलवार स्वतःविषयी सांगते ते फार थोडं. पात्यावर पक्ष्यांच्या आकाराच्या नक्षीदार लिपीत मालकाचं नाव कोरलेलं आहे. ती धरायची कशी, वार करताना वजन कोणत्या पायावर हवं, यातलं काहीच तिच्यावरून कळत नाही. हान काळापासून घोडदळाच्या हाती एकधारी 'दाओ' आली आणि दुधारी ज्येन रणांगणातून मागे सरत अधिकाऱ्यांच्या कमरेला, विद्वानांच्या दालनात आणि ताओपंथी पुजाऱ्यांच्या विधींमध्ये जाऊन राहिली. 1621 च्या 'वूबेई झी' या प्रचंड युद्धकोशात तर माओ युआनयी सरळ म्हणतो की तलवारीची जुनी पद्धत चीनमधून नाहीशी झाली होती आणि ती कोरियातून परत मिळवावी लागली. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच चिनी जाणकारांना ही परंपरा तुटलेली दिसत होती. तेव्हा आज आपण शिकतो ती तलवार 'अखंड प्राचीन' आहे, हे म्हणणं संग्रहालयाच्या दारातच सोडून द्यावं लागतं. माझा पुढचा मुद्दा असा की ते सोडल्याने विद्यार्थ्याचं काहीच जात नाही.

वूदांगला मात्र हे पटवणं कठीण. मिंग सम्राट योंगलने पंधराव्या शतकाच्या आरंभी या डोंगररांगेवर मंदिरांची रांग उभी केली. 1612 मीटर उंचीच्या शिखरावरचं सोनेरी मंदिर 1416 सालचं. पायऱ्या चढताना दम लागतो, आणि दम घ्यायला थांबावं तिथे तलवारींचं दुकान असतं. पाती बहुतेक झज्यांग प्रांतातल्या लोंगच्वानची, पण गोष्ट इथली: चांग सानफंग नावाच्या ताओपंथी सिद्धाने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि तायजी जन्मली. थांग हाओ या इतिहासकाराने 1930 च्या सुमारास या कथेची चिकित्सा केली आणि तिला आधार नसल्याचं दाखवलं. त्याच झाडणीत त्याने शाओलिनच्या बोधिधर्मालाही मोकळं केलं नाही. हे आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवं, कारण चिनी युद्धकला एका भारतीय भिक्षूने शिकवली, असं छाती फुगवून सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वूदांगच्या तलवारीचं नाव विसाव्या शतकात गाजलं त्यात मोठा वाटा ली चिंगलिन या सेनापतीचा. तो हेबेईचा, फंगत्येन या लष्करी गटातला माणूस, आणि 1928 साली नानजिंगला स्थापन झालेल्या राष्ट्रीय युद्धकला संस्थेचा एक उपप्रमुख. तलवार त्याची उत्तम होती, याबद्दल दुमत नाही. पण ती डोंगरावरच्या मठाइतकीच छावणीतून आणि शहरातून वाढली. यावर कोणी म्हणेल, दंतकथा खोटी असली तरी श्रद्धेमुळे सराव टिकतो. टिकतो, हे मान्य. पण श्रद्धेवर शिकणारा चूक झाली की स्वतःच्या खांद्याकडे पाहत नाही, 'गूढ अजून उमगलं नाही' असं म्हणून पुढे जातो. दंतकथेचा खरा तोटा हा आहे.

झेंगझोऊहून पिवळी नदी ओलांडून वेन काउंटीत शिरलं की सपाट शेतं लागतात. तायजीचं उगमस्थान मानलं जाणारं चेनज्यागोऊ हे गाव आता संग्रहालय, पुतळे आणि प्रशिक्षण शाळांनी भरलेलं आहे. यांग शैलीचा प्रवर्तक यांग लूचान जिथे शिकला ती जागाही जपून दाखवली जाते. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने तायजीचुआनला अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्यापासून गावाच्या अभिमानाला अधिकृत शिक्का मिळाला आहे. इथली परंपरा मिंग काळाच्या अखेरच्या चेन वांगथिंग या लढवय्याकडे बोट दाखवते, आणि चेन घराण्याच्या मुद्रांची नावं सेनापती ची चिग्वांगच्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथाशी जागोजागी जुळतात. गंमत अशी की हा ची चिग्वांगच लिहून गेला आहे की मोठ्या लढाईत नुसत्या हातांची कला फारशी उपयोगी नाही, ती शिकायची हातपाय चपळ व्हावेत म्हणून. ज्या माणसाने समुद्री चाच्यांशी प्रत्यक्ष युद्धं केली, त्याने रिकाम्या हातांच्या सरावाला शरीर घडवण्याचं साधन म्हटलं. तलवार रणांगणातून गेल्यावर तिलाही हीच जागा मिळाली, असं मी मानते.

ते साधन काम कसं करतं, हे साध्या हिशेबाने कळतं. पातं 75 सेंटीमीटरचं धरलं, तर मनगट 5 अंशांनी ढळलं की टोक साडेसहा सेंटीमीटर ढळतं. रिकाम्या हाताने तेवढी चूक शिक्षकालाही दिसणार नाही; तलवारीत ती मैदानाच्या पलीकडून दिसते. सरळ भोसकण्याची क्रिया घ्या. वजन पुढच्या पायावर पोचण्याआधी हात सुटला की टोक थरथरतं. खांदा वर चढला की ते खाली झुकतं. मूठ आवळली की मनगट लाकूड होतं आणि टोकाने वरून टिपण्याची हालचाल नुसता फटका होऊन बसते. डाव्या हाताची दोन बोटं ताठ ठेवून बाकीची मिटायची जी मुद्रा आहे, ती नवख्याला शोभेची वाटते, पण ती विसरली की कंबर एका बाजूला कलते आणि पातं त्याची चुगली करतं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी आधी हातांचा क्रम आणि मग तलवार, असा शिरस्ता आहे. मला तर वाटतं तलवार थोडी लवकर द्यावी. संथ हालचालीत विद्यार्थी स्वतःच्या संथपणावरच खूश होतो. तो भ्रम मोडायला हे पातं फार चांगलं.

बीजिंगमध्ये दुसऱ्या टोकाचा आक्षेप भेटतो. थ्येनथान उद्यानात पहाटे तलवारी घेतलेले वृद्ध पाहून कुस्ती-मुष्टियुद्धातले लोक हसतात: हा नाच आहे, आणि तोही सरकारी. सरकारी हे खरं. 1956 साली क्रीडा आयोगाने यांग शैलीतून 24 मुद्रांचा सोपा क्रम बांधला, आणि 1957 साली 32 मुद्रांचा तलवारीचा क्रम आला. या कामात पुढे असलेल्या ली थियेनजीचे वडील ली चिंगलिनचे शिष्य, म्हणजे सेनापतीची तलवार अशी फिरून उद्यानात पोचली. त्याच्याही आधी यांग लूचानच्या घराण्यातल्या यांग चेंगफूने घराण्याचा क्रम मोठा, संथ आणि सर्वांना झेपेल असा करून घेतला होता. आठ-आठ मुद्रांच्या चार तुकड्यांचा हा तीनेक मिनिटांचा तलवारीचा क्रम कोणा सिद्धाचा नाही, समितीचा आहे. पण समितीने बांधल्यामुळे भोसकताना टोक थरथरायचं थांबतं का? कसोटी तीच राहते.

नाच म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मात्र मी मान्य करते. समोर माणूस नसेल तर अंतर आणि वेळ ही दोन कौशल्यं शिकता येत नाहीत, कितीही वर्षं क्रम घोटला तरी. रिकाम्या हातांसाठी तायजीत हात चिकटवून ढकलण्याचा जोडीचा सराव आहे. तलवारीसाठी तसा सराव मोजक्या शाखाच करतात. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या झेंग मानचिंगच्या शिष्यांनी पात्याला पातं चिकटवून खेळणं टिकवलं, हे त्यांचं श्रेय. म्हणून एकट्याच्या सरावाला लढाईचं शिक्षण म्हणणं अप्रामाणिकपणा ठरेल. त्याला शरीराची तपासणी म्हटलं तर तो पुरेसा आहे.

अडचण खरी कुठे आहे, तर स्पर्धेच्या तलवारीत. धारकाने पातं उलटं धरल्यावर टोक कानाच्या शेंड्यापर्यंत यावं, हा लांबीचा नियम ठीक आहे. पण पातं इतकं पातळ आणि लवचीक झालं आहे की झटका दिला की ते झणझणतं आणि तो आवाज ताकदीसारखा वाटतो. जे पातं स्वतःच डुलतं, त्यात मनगटाचं डुलणं दिसत नाही. मोजपट्टीच वाकडी झाल्यासारखं. म्हणून खरेदी करताना मी गोंडा आणि कोरीवकाम न पाहता पात्याचा ताठपणा आणि तोल पाहिला. तलवार बरोबर घेऊन रेल्वेत चढता येत नाही, त्यामुळे ती कुरियरने पाठवावी लागते. वाटेतल्या सरावाला लाकडी चालते, कारण लाकूडही वाकत नाही.