खानदेशातून शिराझच्या बागेत

खानदेशात बाग म्हटली की डोळ्यांपुढे केळी येते. रावेर-यावलच्या केळीने जळगावचे नाव दूरवर नेले. धुळे जिल्ह्यात साक्री-पिंपळनेरकडे द्राक्षे दिसतात, पण ती खायची. तांबडी वाईन ज्या द्राक्षाची होते ते पाहायचे तर शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जावे लागते. फेब्रुवारीत आम्ही चार-पाच कुटुंबे मुलाबाळांसह तिकडे गेलो.

जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळे गाठले आणि मुंबई-आग्रा रस्ता धरला. धुळे सोडताच लळिंगचा किल्ला लागतो. तेथील कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली बाबासाहेब तेथे मुक्कामाला होते. क्षणभर थांबून आम्ही पुढे निघालो. मालेगाव, चांदवड मागे पडल्यावर हवा बदलली. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच, तर नाशिक सुमारे ६०० मीटर. तेथे हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारवा. उन्हाने द्राक्षात साखर भरते, गारव्याने आंबटपणा टिकतो. वाईनच्या द्राक्षाला दोन्ही लागते.

दिंडोरी तालुक्यातील एका बागेत मालकाच्या परवानगीने आम्ही शिराझ पाहिले. मणी लहान, काळेभोर, सालीला जाड आणि आत बी. थॉमसनच्या लांबट, बिनबियांच्या हिरव्या मण्यांची सवय असलेली मुले तोंड वाकडे करू लागली. एका मुलीने मणी चिरडला, तर रस जवळजवळ पांढराच निघाला! रंग सालीत असतो. तांबड्या वाईनसाठी रस सालीसकट टाकीत आंबवतात, म्हणून रंग उतरतो. यीस्ट रसातील साखर खाते आणि तिचा अल्कोहोल होतो.

शिराझ नावामुळे पुष्कळांना हे द्राक्ष इराणातल्या शिराझ शहराचे वाटते. १९९८ मध्ये डीएनए तपासणीतून कळले की त्याचे आईबाप दोन्ही फ्रान्समधलेच वाण आहेत. तिकडे त्याला सिरा म्हणतात. १८३२ मध्ये त्याच्या काड्या ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तेथे ते शिराझ म्हणून गाजले. महाराष्ट्रात २००१ च्या द्राक्ष-वाईन धोरणानंतर नाशिककडे अशा बागा वाढल्या. युरोपात थंडीत वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. पीक मात्र वर्षाला एकच.

तोडणी सकाळच्या गारव्यातच चालते. कात्री घेऊन बाया वाकून घड कापत होत्या आणि क्रेट भरत होत्या. त्यांच्यात अहिराणी कानावर आली, तशा आमच्या बायाही बोलायला पुढे झाल्या. त्या साक्रीकडच्या निघाल्या. एकीने आम्हालाच विचारले, "ताई, तुम्ही तर पंचशील घेणारे. आमच्या हातचा घड दारूत जातो, त्याचा दोष आम्हाला लागतो का?"

प्रश्न सोपा नव्हता. भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मद्याचा व्यापार आहे. पण रोजाने राबणारी बाई व्यापार करते काय? आमच्यातील एक आजी म्हणाल्या, "विकणारा वेगळा, राबणारा वेगळा. पोटासाठी घाम गाळणाऱ्या बाईला बोल लावू नका. पण खायच्या द्राक्षाच्या बागेत तेवढीच मजुरी मिळाली, तर बाई, तिकडे जा." त्या बाईला ते पटले. आमच्यातील काहींना पटले नाही. परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत वाद चालला.

एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत झाले. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे पुष्कळदा ऐकू आले. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतो. बहुतेक बिअरपेक्षा जास्तच. पाचव्या शीलात बाटलीवरच्या नावाने सूट नाही. ज्या घरातील मजुरी गुत्त्यावर जाते त्या घरातल्या बाईला हे सांगावेही लागत नाही.

मुलांना बाग जरूर दाखवावी. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ. सकाळी जावे, मालकाला विचारून आत शिरावे, घडाला हात लावू नये. आणि घड कापणाऱ्या बायांशी दोन शब्द बोलल्याशिवाय परतू नये.