पौडहून केडगाव

उन्हाळ्यात मुळशीचं पाणी खाली गेलं की गाळातून जोत्यांचे दगड वर येतात. त्यातलं एक जोतं आमचं, असं आजी सांगायची. तिलाही ते तिच्या सासूनेच दाखवलेलं. १९२१ साली सेनापती बापटांसोबत मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, तरी धरण झालंच. ज्याचं घर गेलं तो जातो कुठे, हा प्रश्न आमच्या घरात असा वारशाने आलेला. केडगावला जायचं मनात आलं ते त्यामुळेच. पंडिता रमाबाईंनी घर नसलेल्यांसाठी उभारलेलं मुक्ती मिशन आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी पन्नाशीपर्यंत ते पाहिलेलं नव्हतं.

पौडहून निघालो. पिरंगुटच्या घाटात कंपन्यांच्या बसगाड्यांनी तासभर खाल्ला. पुणे स्टेशनवरून दौंडची गाडी. लोणी, उरुळी, यवत. डोंगर मागे पडतात, हिरवा रंग उसापुरता उरतो. भाताच्या मुलखातल्या माणसाला हे रान उघडंबोडकं वाटतं.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन परतल्या, तीनशेच्या आसपास. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती, एवढी माणसं शहरात ठेवू देईनात. म्हणून केडगावची ही जमीन, आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग भिंती. त्याआधी १८८९ साली मुंबईत काढलेलं त्यांचं शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होतं आणि तिथे सोवळंओवळं पाळायची मुभा होती. दुष्काळाने ती चौकट मोडली. भुकेल्या पोरीला जात विचारत बसायला वेळ कुणाला होता?

धर्मांतराचा वाद मला टाळायचा नाही. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होऊ लागल्या तेव्हा ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं. त्यांचा राग मला समजतो. रमाबाईंना मुलींनी येशूकडे यावं असं वाटत होतंच, मुक्तीत तर ते उघडच होतं. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलींसाठी ताट मांडलं, हेही मोजायला हवं.

स्टेशनवरून रिक्षाने मिशनच्या फाटकापाशी उतरलो. आत जुनी झाडं, दगडी बांधकाम, मोठं चर्च. पायरीवर एक म्हाताऱ्या बाई मेथी निवडत बसल्या होत्या.

“कुठनं आलात?”

“मुळशीहून, मावशी.”

“धरणाच्या? लांबून आलात की. बसा.”

मी बसलो, थोडी मेथी माझ्याही पुढ्यात आली. आश्रमात पाहुण्यालाही काम, हे मला आवडलं. रमाबाईंची रीतही तीच होती: दयेचा घास देऊन थांबायचं नाही. शेत, गोठा, विणकाम, शिवण, सगळं बायका शिकल्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. छापखानाही मुलीच चालवत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या बाईला कळावं अशा साध्या बोलीत, आणि त्याचे खिळे जुळवले याच अंगणातल्या हातांनी. वेदशास्त्रांत वाढलेल्या पंडितेने संस्कृत शब्द एकेक करून गाळावेत, हा मला तिचा सर्वांत मोठा त्याग वाटतो. दागिने, मानपान सोडणं त्यामानाने सोपं. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. तोवर त्या नव्हत्या. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः. म्हणजे आमच्याकडे सत्याग्रह ऐन भरात होता तेव्हा.

“मावशी, तुमचं गाव कोणतं?” मी विचारलं. विचारताच चुकल्यासारखं झालं.

“हेच,” त्या म्हणाल्या आणि जुडीचा दोरा सोडवू लागल्या.

निघताना उशीर झाला. गाडी डोळ्यांदेखत सुटली. सोलापूर रस्त्यावर येऊन एसटी पकडली आणि हडपसरपर्यंत उभाच राहिलो. नखांत मेथीची माती होती.