मोठे टायर

गेल्या पावसाळ्यात आमची थार चिखलात अडकली. तेव्हापासून घरात एकच वाद चालू होता: मोठे टायर घालायचे की नाही?

गाडी 2016 ची, जुन्या बांधणीची. अब्बांनी ती शेतासाठी घेतली होती. पण पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या भागात, वरच्या धनगरवाड्याचा कच्चा रस्ता पावसात तिच्याशिवाय कोणी चढत नाही, म्हणून हळूहळू ती सगळ्यांचीच झाली. अब्बा गेले, चावी माझ्याकडे आली आणि रात्री-अपरात्री वाजणारा फोनही.

जुलैतल्या त्या रात्री पुढच्या सीटवर कळा देणारी बाई होती. मागच्या बाकांवर तिची सासू, नवरा आणि माझा भाचा. ओढ्याजवळच्या चढावर चाके जागच्या जागी फिरू लागली. दगड, फांद्या, पोती, मिळेल ते खाली टाकून गाडी काढली. अर्धा तास गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, अलहमदुलिल्लाह. पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेला नाही.

भाच्याच्याही नाही. "मामू, टायर मोठे टाका. 245/75 चे. गाडी उंच होईल, कुठंच अडकणार नाही."

गाडीचे मूळ माप 235/70 आर 16. म्हणजे रुंदी 235 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 70 टक्के आणि रिम 16 इंचांची. मी कागद घेऊन बसलो. आताच्या टायरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर, भाच्याच्या टायरचा 774. फरक 39 मिलिमीटरचा. पण अॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे तो उचलला जाणार निम्माच. पुरते दोन सेंटिमीटरही नाहीत!

आणि त्या बदल्यात? चाक पाच टक्क्यांनी मोठे, म्हणजे जमिनीवर मिळणारा जोर तेवढाच कमी. भरल्या गाडीने चढताना ते जाणवणार. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 ने धावत असेल. टायर जड, ब्रेक मात्र तेच. वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापले की टायर आत घासण्याची भीती. स्टेपनीही त्याच मापाची हवी, म्हणजे पाच टायर. शिवाय अपघात झालाच, तर मूळ मापाबाहेरच्या टायरवरून विम्याच्या दाव्यात खुसपट निघू शकते.

तरी मन मानेना. पुन्हा कोणी अडकले आणि या वेळी सुखरूप पोहोचले नाही तर? दोन सेंटिमीटर का होईना, असा विचार येतच होता.

शेवटी गाडी गॅरेजवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी मापाचे काही विचारले नाही. खाली वाकून टायरवरून हात फिरवला. "बेटा, किती वर्षांचे हे?"

मी उत्तर दिले नाही. टायर घासून गुळगुळीत झाले होते, हे मला ठाऊक होते. बहिणीच्या घरचे लग्न होते, म्हणून मी एक पावसाळा ढकलला होता. त्या रात्री हवाही हायवेच्या हिशेबाने कडक भरलेली होती. चिखलात थोडी हवा सोडली की टायर पसरतो, पकड वाढते. अब्बा हे करायचे. मी उतरून पाहिलेसुद्धा नाही, नुसता रेस देत राहिलो आणि चाके आणखी रुतवली.

गाडी टायर लहान म्हणून अडकली नव्हती. मी चालढकल केली म्हणून अडकली होती. मोठे टायर घेतले असते, तर ही गोष्ट मला स्वतःशी कबूल करावी लागली नसती.

मूळ मापाचेच पाच नवे टायर घेतले, खोल नक्षीचे. सोबत हवा मोजायचे मीटर, बारा व्होल्टचा पंप आणि ओढायचा जाड पट्टा. चिखलातून डांबरावर आलो की हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापतो.

भाचा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्याजवळ नेले आणि चावी त्याच्या हातात दिली. त्याने आधी खाली उतरून चारही चाकांची हवा सोडली, मोजली, मग गिअर टाकला.

अम्मीचे मत मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. तिचे गुडघे दुखतात. "आधीच चढताना दोघं लागतात, अजून उंच कशाला?"