शुश्रूषेची नोकरी

परिचर्येच्या शिक्षणक्रमास प्रवेश मागणाऱ्या मुलींच्या मुलाखती घेण्याचे काम नोकरीच्या उत्तरार्धात माझ्याकडे वरचेवर येत असे, आणि ‘तुला परिचारिका का व्हावयाचे आहे?’ या ठराविक प्रश्नाला, मुलगी खुर्चीवर नीट बसते न बसते तोच, ‘मला रुग्णांची सेवा करावयाची आहे’ हे तितकेच ठराविक उत्तर मिळत असे. त्या उत्तराला मी कधी हसले नाही, कारण माझ्या वेळी मीही तेच दिले होते. पण ते पुरतेपणी खरेही मानले नाही. वडील काय करतात, धाकटी भावंडे किती, गावी जमीन आहे की नाही, एवढे सौम्यपणे विचारले की खरे उत्तर आपोआप समोर येई.

माझे खरे उत्तर असे होते. वडील सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी ते विषमज्वराने गेले. जमीन होती ती कुळकायद्यात गेलेली, आणि पाठीवर तीन भावंडे. अशा वेळी मामांनी एका सरकारी रुग्णालयाचा छापील अर्ज आणून आईपुढे ठेवला. विद्यावेतन मिळते, राहण्याजेवण्याची सोय वसतिगृहात होते, गणवेश सरकारी आणि शिक्षण पुरे होताच नोकरी, अशी चारच कलमे त्यांनी वाचून दाखविली. ‘परक्या पुरुषांचे मलमूत्र काढायला पोरीला धाडणार का?’ असे आजीने विचारले, त्यावर मामा काही बोलले नाहीत. आईने मात्र अर्जावर सही केली.

वसतिगृहात आले तेव्हा दिसले की आम्ही बहुतेक जणी अशाच कोणत्या तरी चार कलमांच्या जोरावर आलो होतो. नगर-मिरजेकडच्या ख्रिस्ती मुलींच्या घरी मिशनच्या दवाखान्यांमुळे हा व्यवसाय एका पिढीचा जुना होता. केरळातून आलेल्या मुली पहिल्या विद्यावेतनापासून घरी मनिऑर्डर करीत. आणि नवऱ्याने टाकलेली, आमच्याहून वयाने बरीच मोठी अशी एक बाई रात्री सर्वांच्या मागून दिवा मालवी, कारण तिला नापास होण्याची सोय नव्हती. ही परंपराही जुनीच म्हणावयाची. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 साली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि निराधार स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले, तेव्हा लोकनिंदा सोसूनही त्या स्त्रियांनी साधावयाचे ठरविले होते ते स्वतःच्या पायांवर उभे राहणेच. सेवाभाव आम्हांपाशी नव्हता असे मी म्हणत नाही. तो आधी नव्हता, कामाच्या मागोमाग आला, आणि म्हणूनच टिकला, असे माझे मत आहे. नुसताच सेवाभाव घेऊन आलेल्या मुली पहिल्या उन्हाळ्यातच घरी परतलेल्या मी पाहिल्या आहेत.

काम तरी काय होते? पहिले कित्येक महिने खाट लावणे, बेडपॅन देणे आणि धुणे, काचेच्या सिरिंजा व सुया वीस मिनिटे उकळणे, धुतलेले रबरी हातमोजे वाळवून, भोक पडले असेल तर ठिगळ लावून, पावडर भरून ठेवणे, आणि उठता न येणाऱ्या रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळवून त्याची पाठ स्पिरिटने चोळणे, एवढेच. हे शेवटचे काम मला सर्वांत निरर्थक वाटे. कारण ते कितीही मन लावून केले तरी दुसऱ्या दिवशी दाखविण्यासारखे काही उरत नसे. पाठ जशी होती तशीच असे. आमच्या सिस्टर ट्यूटर त्यावर म्हणत, ‘जशी होती तशी आहे ना? मग काम झाले.’ त्या एका वाक्यात साऱ्या व्यवसायाचे मर्म होते, हे पुढे कळले. शस्त्रक्रिया झाली तर दिसते, औषध लागू पडले तर दिसते. परंतु न झालेली शय्याव्रणे आणि न चुकलेली मात्रा कोणाला दिसणार? पाचशे मिलिलिटरची सलाईनची बाटली चार तासांत संपवावयाची, तर पंधरा थेंबांचा एक मिलिलिटर धरून मिनिटास सुमारे एकतीस थेंब पडले पाहिजेत, हे घड्याळ हातात धरून मोजणारी मुलगी कोणाला नुसती खाटेशेजारी उभी असलेली वाटते.

प्रसूतिकक्षातील एक रात्र येथे सांगितली पाहिजे. संध्याकाळी मोकळी झालेली एक बाळंतीण, तिसरे मूल, वार पडलेली, रक्तदाब ठीक, अशी नोंद मला पाळी बदलताना मिळाली होती. मध्यरात्रीच्या फेरीत रक्तदाब तसाच भरला, मात्र नाडी चौऱ्याऐंशीवरून शंभराच्या पुढे गेलेली होती, आणि ती बाई, काही दुखत नाही म्हणत असताही, पुन्हा पुन्हा पाणी मागत होती. शरीर रक्त गमावू लागले की तरुण प्रकृतीत रक्तदाब बराच वेळ सावरून धरला जातो आणि नाडी आधी चुगली करते, हे आम्हांला घोकून घेतलेले होते. पांघरूण काढून पाहिले तो अंगावर बेसुमार जात होते, आणि पोटावर हात ठेवला तर गर्भाशय कठीण लागावयाचे ते कणकेसारखे मऊ. कक्षातल्या आयाबाईंना डॉक्टरांकडे पिटाळले, वॉर्डबॉयने खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकविल्या, आणि डॉक्टर येईपर्यंत मी एका हाताने गर्भाशय चोळीत राहिले. मेथर्जिन दिले गेले, आत राहिलेला वारेचा तुकडा काढला गेला, भावाचे रक्त जुळले ते चढविले गेले. आठवड्याने ती बाई मूल घेऊन घरी गेली आणि जाताना तिच्या सासूने डॉक्टरांच्या पायांवर डोके ठेवले, जे योग्यच होते. मला तिचे नावही नीट आठवत नाही. नाडीचा तो आकडा मात्र आठवतो.

त्याच रात्री त्या कक्षात आणि शेजारच्या कक्षात मिळून साठांवर रुग्ण होते आणि प्रशिक्षित परिचारिका मी एकटीच. हा काही त्या एका रुग्णालयाचा दोष नव्हे. स्वातंत्र्यापूर्वी देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असा हिशेब मांडला होता. पुढे 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, आणि शिक्षणाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक व इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे तिचे प्रमाण आहे. ते प्रमाण कागदोपत्री पाहण्याचे भाग्य मला पुष्कळदा लाभले. प्रत्यक्षात मात्र आमचा वेळ चादरींची मोजदाद, औषधांचे इंडेंट, धोबीखात्याचा हिशेब आणि फुटलेल्या थर्मामीटरची पगारातून होणारी वसुली यांतही जाई. आणि जो वेळ दफ्तराकडे गेला, तो रुग्णाच्या उशाशी उभे राहण्याच्या वेळातून वजा झालेला असे.

दरवर्षी 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, आम्हांला गुलाबाचे फूल मिळे आणि त्यागमूर्ती म्हणून आमचा गौरव होई. त्या बाईंचा हातातील दिवा सर्वांना ठाऊक आहे; परंतु क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मेले, हे त्यांनी मृत्यूंचे तक्ते आणि आकृत्या मांडून सरकारला पटवून दिले, याची आठवण त्या भाषणांतून मी क्वचितच ऐकली. दिव्याचा सत्कार फुलाने होतो. तक्त्यांचा मान राखावयाचा तर माणसे नेमावी लागतात, जागा मंजूर कराव्या लागतात, आणि परिचारिकेने ‘काही तरी बरे दिसत नाही’ म्हटले की तो निष्णात निरीक्षकाचा शब्द मानून उठावे लागते. त्याग म्हटले की यांतले काहीच करावे लागत नाही. ज्या मुली पोटासाठी या व्यवसायात येतात त्यांना त्यागमूर्ती करून टाकणे, हे मला कृतज्ञतेपेक्षा काटकसरीचे लक्षण अधिक वाटते.

म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. आपले माणूस रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली, तर डॉक्टर कोण आहेत एवढे विचारून थांबू नका. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हेही विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ते लेखी मागा. हा प्रश्न पुरेशा लोकांनी पुरेशा वेळा विचारल्याखेरीज परिषदेचे ते प्रमाण कागदावरून कक्षात येणार नाही.