निवांत पाणी

गुहागरची पुळण लांब, सपाट व बहुधा निर्जन. गतवर्षीं माघांतील एका सकाळीं आम्ही तेथें स्नानास उतरलों. दोहों बाजूंस लाटा फेसाळत फुटत होत्या. मधला पट्टा मात्र निवांत दिसला. भित्र्या मनानें आम्ही तोच निवडला, आणि क्षणांत पायांखालची वाळू सुटली! लाटांनीं काठाकडे लोटलेलें पाणी ज्या खोलगट वाटेनें समुद्रांत परततें, तीच ती होती. खोलीमुळें तेथें लाट फुटत नाहीं, एवढेंच. ओढीशीं झुंजून थकलों, तों काठावरून एका खलाशानें ‘आडवे पोहा!’ म्हणून खूण केली. किनाऱ्यास समांतर सरून फुटत्या लाटांत शिरलों. ज्यांस भ्यालों होतों त्यांनींच आम्हांस वाळूवर आणून सोडलें. विद्यार्थिमित्रहो, समुद्रांत उतरण्यापूर्वीं घटकाभर उभे राहून लाटा कोठें फुटत नाहींत तें पाहा.