ओळखीचे पाकीट

मनुष्याची ओळख आकड्यांत मावते, हे आम्हांस हॉलंडात राहावयास गेल्यावर कळले. नागरिक नसूनही नगरपालिकेकडून नऊ आकड्यांचा नागरिक-सेवा क्रमांक मिळाला. त्याच्या आधारे ‘डिजिडी’ हे सरकारी खाते उघडावयाचे. कर, विमा यांची दारे त्याच किल्लीने उघडतात. परंतु खाते चालू करण्याचा संकेतांक येतो टपालाने, तोही दप्तरी नोंदलेल्या पत्त्यावरच! आम्ही तर बिऱ्हाड हलविलेले, आणि नवा पत्ता कळविण्याचा आळस केलेला. कर भरण्याची मुदत जवळ येत चालली होती. संकोचाने जुन्या घराचे दार ठोठाविले. वृद्ध घरमालकिणीने आम्हांस पाहिले मात्र, आत जाऊन न फोडलेले पाकीट आणिले व हसून हाती दिले. क्रमांक तिने विचारला नाही. त्या परक्या मुलुखात आमची पहिली ओळख पटली ती तेथे, उंबरठ्यावर!